१९. इझबेलची रेघ

बॅनरवर इझबेल नव्हती.

विनयनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली. लेकीच्या, हिमानीच्या, घराच्या मागच्या अंगणात, लाकडी कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावई ग्रॅहमच्या घराण्याची वंशावळ ताणून बांधली होती. सगळ्यात वर वॉल्टर ड्रमेल्डी, लॉर्ड ड्रमेल्डी, पंधरावं शतक. बाजूला त्याची ढाल, ढालीवर रानमांजर. खाली दोन मुलगे, डेव्हिड आणि अँड्र्यू. अँड्र्यूपासून एक जाड निळी रेघ पाचशे वर्षं खाली उतरत होती. समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत, तिथून ओहायोत, थेट ग्रॅहमपर्यंत. ग्रॅहमशेजारी हिमानी. त्यांच्या खाली त्यांची मुलं, केया आणि ईशान.

दोन मुलगे. मुलगी नाही.

फेब्रुवारीत विनयची बायको शोभना गेली. त्याआधीची दोन वर्षं ती या वॉल्टरच्या मागे होती. हाताला केमोची सुई आणि मांडीवर लॅपटॉप. न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या विमा कंपनीत तिनं सगळी नोकरी एकाच कामात काढली होती: दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की दोन वेगळ्या माणसांच्या, हे शोधायचं. तेच तिनं इथे केलं. राजा आणि राजाचा मुलगा यांच्यात लढाई झाली. वॉल्टर राजाच्या बाजूनं लढला. राजा मेला आणि वॉल्टरचे दोन्ही मुलगे त्याच लढाईत मेले. अँड्र्यू सतरा वर्षांचा, बिनलग्नाचा. मग पुढच्या कागदांत जमिनीवर सही करणारा अँड्र्यू ड्रमेल्डी कुठून आला? तो दुसराच अँड्र्यू होता. इझबेलचा मुलगा. म्हाताऱ्या वॉल्टरनं उरलीसुरली जमीन मुलीच्या नावानं केली आणि जावयाला अट घातली की आडनाव आमचं लावायचं.

ते सापडलं तेव्हा शोभनानं त्याला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून हाक मारून आत बोलावलं होतं. "अहो, ऐकलंत का? स्कॉटलंडचा घरजावई!" आणि इतकी हसली की नर्स बघायला आली.

विनय लेमोनेडच्या टेबलापाशी गेला. ग्रॅहमची आई मार्गरेट तिथे ग्लास मांडत होती.

"मार्गरेट, इझबेल कुठे आहे?"

तिनं वर पाहिलं नाही. "रॉबर्टशी बोल, विनय."

"मी तुझ्याशी बोलतोय. दर बुधवारी तू शोभनाबरोबर व्हिडिओवर बसायचीस. ती ओकून यायची आणि पुन्हा तुझ्यासमोर बसायची."

"मी सांगितलं होतं त्यांना," मार्गरेट हळू म्हणाली. "सगळे कागद दिले. रॉबर्टनं मतदान घेतलं. मी एकटी काय करणार होते?"

"विरोधात हात वर करणार होतीस."

तिनं ग्लास खाली ठेवला. तेवढ्यात रॉबर्ट आलाच. ग्रॅहमच्या मेलेल्या वडलांचा थोरला भाऊ, ड्रमेल्डी घराण्याच्या मंडळाचा अध्यक्ष. लेबर डेच्या सुट्टीतल्या शनिवारी, भर उन्हात त्यानं लोकरीचा किल्ट घातला होता आणि घामानं त्याचा चेहरा लाल झाला होता. हातात कागदी बशी, बशीत विनयनं आणलेला चिवडा. शोभना गेल्यापासून विनय चिवडा स्वतः करत होता आणि दर वेळी शेंगदाणे जाळत होता.

"ग्रेट स्टफ, विनी," रॉबर्ट म्हणाला. "काय झालं?"

"वॉल्टरची मुलगी काढून टाकलीत."

"काढून नाही टाकली. ती कधी नव्हतीच. हा तक्ता माझ्या आजोबांनी केलाय."

"तुमच्या आजोबांनी दोन अँड्र्यूंचा एक केला."

"हे बघ, शोभना फार गोड बाई होती. आम्हाला सगळ्यांना आवडायची. पण ती काही इतिहासकार नव्हती. आजारी माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो..."

"विरंगुळा?" विनयचा आवाज चढला. बर्गर भाजणारा ग्रॅहम मान वळवून बघायला लागला. "तिनं तुम्हाला मूळ दानपत्राची प्रत काढून दिली. त्यात लिहिलंय, माझी मुलगी इझबेल. तुम्ही वाचलंत तरी का?"

"लॅटिनमध्ये आहे ते."

"तिनं भाषांतर करून घेतलं होतं!"

"विनी, पुरुषांच्या रेघेनं चालतं आमचं मंडळ. नियम आहे. मुलीकडून आलो म्हटलं तर कॅनडातल्या शाखेचे लोक उद्या म्हणतील तुम्ही खरे ड्रमेल्डीच नाही."

तेव्हा जगन्नाथ मध्ये पडला. विनयचा थोरला भाऊ. साताऱ्याहून मुलाकडे, देवांगकडे, पार्सिपनीला आला होता आणि विनयच्या गाडीतून इथे आला होता. भांडण वाढतंय म्हटल्यावर तो खाकी कागदात गुंडाळलेलं जाड पुस्तक छातीशी धरून पुढे आला. सगळ्या प्रवासात त्यानं ते डिकीत ठेवू दिलं नव्हतं.

"मिस्टर रॉबर्ट, वन मिनिट," तो त्याच्या मुख्याध्यापकी इंग्रजीत म्हणाला. "आमचाही कुलवृत्तांत आहे. आमच्या घराण्याचा. मी संपादक. तुमच्यासाठी भेट."

रॉबर्टनं पुस्तक उघडलं. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण तक्ते कळत होते. "किती पिढ्या?"

"सतरा. सगळ्या पुरुषवंशाच्या. मुलीचं फक्त नाव आणि कुठे दिली ते लिहायचं. पुढचं तिच्या सासरचे लोक लिहितील. इट इज द सिस्टिम."

"एक्झॅक्टली!" रॉबर्टनं जगन्नाथच्या पाठीवर थाप मारली. "बघ विनी, तुझ्या भावाला कळतंय."

दोघं म्हातारे सावलीतल्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसले. एकाच्या मांडीवर रानमांजराचं चित्र असलेलं मंडळाचं मासिक, दुसऱ्याच्या मांडीवर कुलवृत्तांत. विनय त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"दादा," तो मराठीत म्हणाला, "तू कुणाच्या बाजूनं आलायस?"

"बाजू कसली? त्यांच्या घरचा तक्ता आहे. आपण पाहुणे. जरा दमानं घे."

"शोभनाचं काम आहे ते."

"शोभना आपल्या घरची होती, विनय. त्यांच्या वंशावळीत तिचं काय काम?"

---

हिमानीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांचा आवाज ऐकला आणि काकडीची ताटली तशीच टाकून बाहेर आली. आधी ग्रॅहमकडे गेली.

"बोल ना काहीतरी."

"हिम, तो एक बॅनर आहे फक्त. अंकल रॉबर्ट संध्याकाळी काढून घेऊन जातील."

"माझ्या आईचं काम होतं."

"आय नो. मी नंतर बोलतो त्यांच्याशी."

"नंतर कधी? तू तुझ्या काकाशी बोलत नाहीस, बाबा त्यांच्या दादाशी बोलत नाहीत. तुम्हा लोकांचं नंतर कधी येतच नाही यार."

ग्रॅहमनं बर्गर उलटला. हिमानीला त्याच्या हातातला चिमटा घेऊन ग्रिलमध्ये फेकावासा वाटला. फेब्रुवारीत ती इथून न्यू जर्सीला एकटी ड्राइव्ह करत गेली होती, रस्ताभर रडत. त्यानंतर ती रडली नव्हती. हल्ली तिला फक्त राग यायचा. सकाळी उठल्याबरोबर यायचा.

खुर्च्यांपाशी केया उभी होती. सोळा वर्षांची, उंच, बापाच्या तांबूस केसांची. मोठ्या आजोबांच्या, म्हणजे जगन्नाथच्या, मांडीवरचं पुस्तक तिनं मागून घेतलं होतं आणि आता मार्गरेटला शेजारी बसवून पानावर फोन धरत होती. फोनचा कॅमेरा मराठीचं इंग्रजी करत होता.

"ग्रॅनी, बघ, हे आजोबांचं पान. त्यांचा फोटो पण आहे. लुक ॲट हिज हेअर!"

मार्गरेट हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

केया मोठ्यानं इंग्रजीत वाचायला लागली. "विनय. जन्म एकोणीसशे त्रेपन्न. अभियंता. वास्तव्य अमेरिका. पत्नी शोभना, माहेर वाई. एक कन्या, हिमानी, ग्रॅहम ड्रमेल्डी यांना दिली." ती थांबली. "दिली म्हणजे काय, लाइक, गिव्हन? अ गिफ्ट?"

"जुनी पद्धत आहे लिहायची," जगन्नाथ म्हणाला.

"ओके. आणि मग एक शब्द आहे खाली. एकटाच." तिनं फोन जवळ नेला, मग लांब केला. "लिनिएज एक्स्टिंक्ट."

जगन्नाथनं पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला.

"एक्स्टिंक्ट," केया पुन्हा म्हणाली. "डायनासोरसारखं?" तिनं विनयकडे पाहिलं. "आजोबा, मग मी कोण आहे?"

हिमानीनं तिच्या हातातून पुस्तक घेतलं. फोनची गरज नव्हती. छोट्या टाइपात, आईच्या नावाच्या खाली, छापलेलं होतं: निर्वंश.

"मोठेकाका," ती म्हणाली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"तो पारिभाषिक शब्द आहे, हिमानी. शिवी नाही ती. मुलगा नसला की शाखेखाली तसं लिहितात. आजोबांच्या आवृत्तीपासून..."

"माझी आई मरत होती तेव्हा तुम्ही तिच्या नावाखाली निर्वंश लिहीत होतात?"

"मी नाही, समितीनं..."

"समिती!" विनय ओरडला. "त्याचं मंडळ, तुझी समिती! माणूस म्हणून कुणीच काही करत नाही का?"

रॉबर्टनं हात वर केले. "काय चाललंय? मराठी मला येत नाही."

"येते तुला," विनय इंग्रजीत म्हणाला. "शब्द न् शब्द येतो. तुम्हा दोघांची भाषा एकच आहे." मग भावाकडे वळला. "हे पुस्तक घेऊन तू माझ्या नातीच्या घरी आलास? भेट म्हणून? लाज वाटली नाही?"

"आवाज खाली कर. मी तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"म्हणूनच इतकी वर्षं खाली होता आवाज!"

"बाबा, बस," हिमानी म्हणाली.

"नाही, मला बोलू दे. माझ्या बायकोनं..."

"बाबा!" तिचा आवाज त्याच्याहून मोठा होता. "आईनं तुम्हाला सांगितलं होतं. माझ्यासमोर. पुस्तकाचं प्रूफ आलं तेव्हा ती म्हणाली, दादांना फोन करा, हिमानीच्या मुलांची नावं घालायला सांगा. तुम्ही म्हणालात, करतो. केलात फोन?"

विनय पुन्हा चष्मा पुसायला लागला.

"केलात का?"

"तेव्हा तिची तब्येत..."

"केलात का?"

"नाही."

"का नाही? दादाला वाईट वाटेल म्हणून. आणि आज इथे येऊन पाचशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी सगळ्यांशी भांडताय. वॉल्टरच्या मुलीसाठी. बाबा, तुमची मुलगी इथे उभी आहे."

तिनं पुस्तक गवतावर टाकलं नाही. टाकावंसं वाटत होतं, पण पुस्तकाला पाय लागू द्यायचा नाही हे आईनंच शिकवलं होतं. तिनं ते विनयच्या हातात दिलं.

विनयनं ते पान बघितलं. कुलवृत्तांताची एक प्रत पार्सिपनीच्या टेबलावरही होती, मार्चपासून, बांधलेली तशीच. शोभना गेल्यावर त्यानं आलेलं काहीच उघडलं नव्हतं. मग पुस्तक मिटून त्यानं भावाचा दंड धरला.

"चल. गाडीत बस."

"आत्ता? सोमवारपर्यंत राहायचं ठरलंय आपलं."

"गाडीत बस, दादा."

---

जगन्नाथ गाडीत बसला. पट्टा लावला. पुस्तक मांडीवर घेतलं. विनय ड्रायव्हरच्या बाजूला आला, पण आत बसला नाही. चारही काचा खाली केल्या, चावी काढून घेतली आणि दाराला टेकून बाहेर उभा राहिला.

"चालू कर की," जगन्नाथ म्हणाला.

"तुझ्या खिशाला पेन आहे. तो शब्द खोड. हिमानीच्या मुलांची नावं लिही. मग चालू करतो."

"पोरकटपणा करू नकोस."

"बरं. मग बस."

ऊन होतं. ड्राइव्हवेचं डांबर तापलं होतं. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली, दोघांकडे बघून 'हाय' म्हणाली आणि गेली. जगन्नाथनं रुमालानं मान पुसली. त्याला विमानतळ माहीत नव्हता, रस्ता माहीत नव्हता, देवांगचा नंबर असलेला फोनही आत घरात राहिला होता. स्वतःच्या धाकट्या भावानं आपल्याला असं कोंडावं याचा त्याला भयंकर राग आला.

"अकरा वर्षं फिरलोय मी या पुस्तकासाठी," तो म्हणाला. "एसटीनं. कोकणात, वऱ्हाडात. लोकांच्या ओसरीवर बसून नावं उतरवली. तू इथे बसून काय केलंस? चेक पाठवलास. प्रूफ पाठवलं तर उत्तर नाही. आता मला नियम शिकवतोस?"

"उत्तर शोभनानं पाठवलं असणार."

जगन्नाथनं पुन्हा मान पुसली.

विनय खिडकीत वाकला. "पाठवलं होतं?"

"फोन केला होता."

"कधी?"

"जानेवारीत. तू झोपला होतास म्हणाली. तू फोन करणार नाहीस हे तिला माहीत होतं."

"काय म्हणाली?"

"जाऊ दे."

"काय म्हणाली, दादा?"

"ऐकायचंय? ऐक मग." जगन्नाथचा आवाज फाटला. "म्हणाली, भाऊजी, मला त्या वॉल्टरसारखं कुणाचं नाव चालवायचं नाहीये. मी आता जाणार. हे एकटे पडतील. आमच्या पानावर ह्यांच्या नावाखाली कुणीतरी असू द्या. रिकामं नका ठेवू, एवढंच. मी म्हटलं, बघतो. समितीत विषय काढला. एक जण म्हणाला, अमेरिकेतल्या एका बाईसाठी नियम मोडला तर उद्या सगळे येतील. समितीचा अध्यक्षही मीच होतो. मी म्हटलं, बरोबर आहे."

विनय सरळ झाला. त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवला. टप भाजत होता, पण त्यानं हात काढला नाही.

मागच्या अंगणातून रॉबर्टचा आवाज आला. "मार्गरेट! ते प्रिंट केलेलं आहे! खाली उतर!"

गाडीतून कुंपणाचा कोपरा दिसत होता. मार्गरेट एका बागेतल्या खुर्चीवर उभी होती. बहात्तर वर्षांची बाई, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. हातात काळा मार्कर. ती वॉल्टरच्या नावाखाली, डेव्हिड आणि अँड्र्यूच्या शेजारी, काहीतरी लिहीत होती. गुळगुळीत प्लास्टिकवर शाई नीट धरत नव्हती, म्हणून ती एकेक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत होती.

"ग्रॅहम, तिला सांग!" रॉबर्ट ओरडला.

ग्रॅहमनं काही सांगितलं नाही. त्यानं चिमटा बाजूला ठेवला होता आणि दोन्ही हातांनी आईची खुर्ची घट्ट धरली होती.

जगन्नाथ ते बघत राहिला. मार्गरेटनं खाली एक वाकडी रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी दुसरा अँड्र्यू लिहिला. ढालीवरच्या रानमांजराच्या शेपटीवरून गेली ती रेघ. सगळा तक्ता बिघडला. संपादक म्हणून त्याला ते बघवेना.

त्यानं खिशातलं पेन काढलं.

"एका प्रतीत लिहून काय होणार आहे?" तो अजून चिडलेलाच होता. "बाकीच्या माझ्या माडीवर खोक्यांत पडल्यात."

"परत गेलास की सगळ्यांत लिही. हातानं."

"आणि वाटून झालेल्या?"

"एसटीनं फिर. तुला सवय आहे."

जगन्नाथनं भावाकडे रागानं पाहिलं. मग पान काढलं. तो छोटा शब्द त्यानं पट्टी नसताना सरळ रेघेनं खोडला, शेजारी आपली सही केली. प्रुफात करतात तशी.

"त्या पोरीला बोलाव," तो म्हणाला. "नाव नीट विचारून लिहितो. चुकीचं लिहिलं तर पुन्हा माझ्यावरच येशील."

केया फाटकापाशीच उभी होती. किती वेळ होती कुणास ठाऊक. तिच्यामागे हिमानी, हाताची घडी घालून. ती पुढे आली नाही. केया एकटीच खिडकीपाशी आली.

"पूर्ण नाव सांग," जगन्नाथ म्हणाला. "हळू."

"केया."

त्यानं लिहिलं. मास्तरांचं अक्षर, मोत्यासारखं. "पुढे."

"शोभना."

पेन थांबलं. "तुझं नाव विचारतोय."

"सांगतेय ना. केया शोभना ड्रमेल्डी. इट्स ऑन माय पासपोर्ट."

"मधलं नाव वडलांचं असतं."

"माझं आजीचं आहे," केया म्हणाली. "मॉमनं ठेवलं. मी जन्मले तेव्हाच."

जगन्नाथनं विनयकडे पाहिलं. विनय रस्त्याकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता आणि खांदे हलत होते. पेनाचं टोपण काढलेलं होतं तरी जगन्नाथनं ते पुन्हा एकदा चाचपलं. मग मान खाली घालून लिहिलं. केया शोभना ड्रमेल्डी. वर हिमानीचं नाव, त्याच्यावर तिच्या आईचं आणि बापाचं. शोभना आता त्या पानावर दोनदा होती.

"झालं," तो म्हणाला. "बस आत. निघू."

विनयनं डोळे पुसले आणि वळला. चावी त्याच्या मुठीत होती. ती त्यानं खिशात टाकली.

"अजून ईशान राहिलाय," तो म्हणाला.